न घेतलेलं नाव

"सांग वं बकरे, त्याईले सांग, मले तुमच्या डोहाशी काई घेनंदेनं नाही," देवकी म्हणाली आणि बकरीपुढे आणखी एक डहाळी टाकली.

कुंपणाच्या पलीकडे रुपराव उभा होता. धोतराचा सोगा हातात, डोक्याला पांढरा शेला, आणि चेहऱ्यावर काम काढायला आलेल्या माणसाचा नरमपणा. तो देवकीचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. भासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर जन्मात घ्यायचं नाही, हा मोहगावच्या मासे धरणाऱ्या ढिवरांचा रिवाज. बोलायची पाळीच आली तर बायका शेजारणीला मध्ये घेतात. देवकीने बकरीला घेतलं होतं. या माणसापायी शेजारीण कशाला वाया घालवायची, असा तिचा साधा हिशेब होता.

"घेनंदेनं नाही म्हनूनच तं आलो," रुपराव म्हणाला. तोही तिच्याकडे न बघता कुंपणाच्या काट्यांकडे बघत होता. "भैय्याजी गेला. उद्या डोह हाय. पाठमोरं कोन राहीन? ज्याले वाटा नाही असं मानूस पायजे, अन सगळ्या घराईची नावं त्याले ठाव पायजे. असं तूच एक हायस."

मोहगावचा नाला पावसाळाभर गुरगुरत वाहतो आणि दिवाळी झाली की मुकाट्याने तुटतो. धार आटते, मागे डोह तेवढे उरतात. त्यातला सगळ्यांत मोठा म्हसडोह. तो एकट्यादुकट्याने मारायचा नाही. ठरलेल्या दिवशी ढिवरांच्या सगळ्या घरांनी मिळून उतरायचं, पाणी उपसायचं, जाळी ओढायची, आणि निघेल त्याचे काठावर घरागणिक वाटे मांडायचे. मग ज्याला वाट्यात काही मिळायचं नाही असं एक माणूस वाट्यांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं. वाटे मांडणारा एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायचा, हा कोनाचा? पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. मोठी मरळ कोणाच्या ढिगात गेली आणि नुसता बारीक चिंगूर कोणाच्या, ते त्याला दिसत नाही, म्हणून कोणाची तक्रार नाही. त्याच्या तोंडचं नाव कोणी बदलायचं नाही, त्याला आठवण द्यायची नाही. नाव मिळालं नाही तो ढीग नाल्याचा. तो पाण्यात परत सोडायचा.

भैय्याजी हा गावातला शिंपी. ढिवर नव्हता, मासोळी खात नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं पाठमोरा तोच राहायचा. श्रावणात तो गेला. आता गावात ढिवरांची घरं माहीत असलेलं आणि वाटा नसलेलं असं माणूस शोधायला रुपरावला फार लांब जावं लागलं नाही. ते त्यानेच तयार करून ठेवलं होतं.

"माहं नाव घेनं तुले होनार नाही, ते मले समजते," रुपराव म्हणाला. "माह्या वाट्याले माह्या पोराचं नाव घेजो, रविंद्रच्या घरचा म्हनजो, झालं." मग थोडा घुटमळला. "अन पुढच्या साली तुह्या घरचा वाटा मांडू म्हनतो. लय दिवस झाले त्या गोष्टीले."

देवकीच्या हातातली डहाळी थांबली. चौदा वर्षं हे वाक्य तिला हवं होतं. आता ते आलं होतं तर कसं आलं होतं, आपली अडचण निघावी म्हणून, जाताजाता कुंपणावरून टाकलेल्या उष्ट्यासारखं. पण आवाज तिने बकरीपुरताच ठेवला.

"त्याईले सांग वं, येईन म्हना."

रुपराव समाधानाने निघून गेला. देवकी मात्र अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली आणि बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. डोहाच्या आदल्या रात्री कोणीतरी म्हसडोह मारला. सकाळी सगळे उतरले तर जाळ्यात नाव घ्यावं अशी मरळ नाही. गाव खवळलं. तेव्हा रुपराव म्हणाला, नत्थूच्या कुपावर जाळं ओलं हाय. कुंपणावरचं जाळं ओलं होतंच. नत्थू म्हणजे देवकीचा नवरा. त्याने नवं सुती जाळं विणलं होतं, आणि सूत कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळत टाकलं होतं. हे ढिवराच्या कोणत्याही पोराला सांगावं लागत नाही. नत्थूने ते सांगितलं. पण खवळलेल्या माणसांना चोर हवा होता, आणि वाटे मांडणाऱ्याने बोट दाखवल्यावर कोणी वास घ्यायला गेलं नाही.

रुपरावने त्या दिवशी एक ढीग कमी मांडला आणि भैय्याजीला तसं सांगून ठेवलं. नत्थू टोपलं घेऊन उभा होता. नावं झाली, ढीग उचलले गेले, बायका चुली पेटवायला पांगल्या, आणि तो उभाच. देवकी काठावर होती. नवऱ्याचा तो चेहरा तिने पाहिला. कोणी त्याच्या अंगावर हात टाकला असता तर बरं झालं असतं असं तिला तेव्हा वाटलं, आजही वाटत होतं. मारलेल्या माणसाला निदान ओरडता येतं.

नत्थू पुन्हा पाण्यात उतरला नाही. नागपूरला गांधीबागेत कापडाच्या गाठी वाहायला लागला. आठवड्याने घरी यायचा तो सालटं गेलेला खांदा घेऊन. नाला ओलांडताना मान वर करायचा नाही. खोकल्याने त्याला चार-पाच वर्षांत नेलं. पोरीला, शोभाला, जवळपासच्या ढिवरांत कोणी विचारीना, डोहचोराची पोर म्हणून. शेवटी कामठीला मागावर काम करणाऱ्या एका गरीब घरी तिला दिली. देवकी एकटी राहिली, लोकांच्या पऱ्हाटीतला कापूस वेचून आणि एक बकरी पाळून. तिला रुपरावचं मरण नको होतं. मरण सगळ्यांनाच येतं, त्यात कसला सूड. तिला तो असाच, टोपलं घेऊन, सगळ्यांपुढे उभा राहिलेला पाहायचा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत सगळे डोहावर जमले. सगळे म्हणजे पूर्वीसारखे नव्हेत. बरीच पोरं आता हिंगण्याच्या कारखान्यांत लागली होती. कोणाला पहिली पाळी, कोणाला दुसरी. आणीबाणी उठून गेली होती, पोरांच्या अंगात टेरिकॉटचे सदरे आले होते, आणि ते चिखलात उतरताना वर खोचायची त्यांना कोण काळजी. रुपरावचा रविंद्र हातातलं घड्याळ काढून खिशात टाकत होता आणि दर थोड्या वेळाने काढून बघत होता. फाट्यावर दुपारी कंपनीची बस यायची.

रुपरावला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. म्हातारा मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून सगळ्यांवर ओरडत होता. "वरचा बांध पक्का घाला. अबे, डबे भरून उपसा, नुसतं पानी काय खेळवून राहिले. तो जांभळीखालचा कोपरा राहू द्या, बीज राहू द्या तेथचं." जाळं ओढताना त्याचा हात बसला की बाकीच्यांचे हात आपोआप बसत. कामात तो पक्का होता, हे देवकीलाही नाकारता येत नव्हतं. त्याने तिचा राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता. एवढं ज्याला समजतं त्याला जाळ्याचं ओलेपण कसलं ते समजलं नसेल?

मासोळी बरी निघाली. मरळी, एक-दोन वाम, शिंगट्या, आणि टोपलंभर झिंगे. रुपरावने पळसाची पानं अंथरली आणि वाटे मांडायला बसला. एक शिंगटी या ढिगातून त्या ढिगात, परत तिथून इकडे. शेवटी उठला, हात पुसले आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "पाठमोरं व्हा."

देवकी काठावर जाऊन उभी राहिली. पुढे उपसलेल्या डोहाचा चिखल, जांभळीखालचं काळं पाणी, पलीकडे पांढरी झालेली पऱ्हाटी. डोक्यावरचा पदर तिने ओढून घेतला. मागे काठी टेकल्याचा आवाज आला.

"हा कोनाचा?"

"इंदूबाईचा."

"हा?"

"ओमप्रकाशचा."

नावं तिला पाठ होती. ज्या थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांच्या वाट्याला ती त्यांच्या पोरांची नावं सांगत होती. मागे टोपली पुढे येत होती, पोरं ढीग बघून हसत होती, कोणी म्हणत होतं, माही मरळ तं त्याच्या वाट्याले गेली. देवकी एकेक घर काढून टाकत होती आणि एक घर जिभेखाली धरून होती.

वाटे मांडणारा आपला ढीग शेवटी ठेवतो. तो ढीग आला.

"हा कोनाचा?" रुपरावने विचारलं.

देवकी बोलली नाही.

"हा कोनाचा?"

तिने ओठ मिटले होते. चौदा वर्षांचं सगळं त्या मिटलेल्या ओठांत होतं. आता मागे शांत होईल, आता तो उभा राहील, आता मी वळून बघेन, असं ती मोजत होती. मागे शांत झालंही. आणि मग कोणीतरी हसलं.

"अगा, भासरा होय तो तिचा," चंपतराव म्हणाला. तो त्या घरांतला जुना, भला माणूस. "सून मानूस कसं घेईन नाव? पोराचं नाव घ्यालेबी लाजली ते. शेवटचा कोनाचा हे काय सांगा लागते? उचल गा रविंद्र."

"हो ना, काकूची पन कमाल हाय," इंदूबाई म्हणाली. "रीत नाही सोडली बाईनं. आताच्या सुनाईले सांगा."

देवकी वळली. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. रविंद्र टोपलं घेऊन वाकला होता. आणि रुपराव, काठीवर हात ठेवून, मान हलवत हसत होता. तिने त्याच्या तोंडात शेण घातलं होतं आणि लोकांनी त्याचा प्रसाद करून टाकला होता. असा संताप तिला नवरा मेला तेव्हाही आला नव्हता.

"हात नको लावू," ती म्हणाली.

रविंद्र थांबला.

देवकीने डोक्यावरचा पदर खांद्यावर पाडला. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिने भासऱ्यांपुढे डोकं उघडं केलं नव्हतं. "रुपराव," ती म्हणाली. मग गावातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "रुपराव. हे नाव मले येते. म्या लाजून नाही सोडलं. म्या रुपरावचं नाव घेतलं नाही, अन घेनार नाही. हा ढीग रुपरावचा नाही."

हसणारे गप्प झाले. बायकांनी तोंडावर हात नेले, ते ढिगापायी नव्हे, त्या नावापायी. रुपरावची मान हलायची थांबली. त्याचा हात काठीवर होता तो तिथेच राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरून गेलं. देवकीने ते पोटभर पाहिलं.

"काकू, हे काय होय आता?" रविंद्र म्हणाला. "बाबानं तुमाले मानानं बोलावलं, अन तुमी असं?"

"तुह्या बापाले इचार."

"काय इचारू? कोनत्या जमान्याची भांडनं घेऊन बसले तुमी लोक." त्याने घड्याळ काढलं. "बाबा, चाला घरी. मी रस्त्यात मटन घेऊन येतो संध्याकाळी. ह्या चिखलाच्या मासोळीपायी काय तोंडाले लागता."

चंपतराव पुढे झाला आणि आपल्या टोपल्यातल्या दोन मरळी काढून रुपरावपुढे धरू लागला. रुपरावने नुसता हात आडवा केला. पोरांपैकी कोणालातरी फाट्यावर बसचा भोंगा ऐकू आला. मग एकच पळापळ झाली. कोणी पाय धुतले, कोणी तसेच चपलांत घातले, टोपली बायकांच्या डोक्यांवर गेली. जाताजाता काहींनी देवकीकडे नाराजीने पाहिलं, काहींनी पाहिलंच नाही. दोन पोरं चालता चालता कोणत्यातरी सिनेमाविषयी बोलत होती. एका घराला डोहाबाहेर काढणं म्हणजे काय, हे त्यांना सांगून समजलं नसतं. त्यांची घरं डोहावर चालतच नव्हती.

थोड्या वेळात काठावर दोघंच उरली. देवकीला वाटलं होतं की जीव थंड होईल. जीव काही थंड झाला नव्हता. ज्यांच्यापुढे रुपरावला उभं करायचं होतं ते बस पकडायला गेले होते. तिने इतकी वर्षं साठवून ठेवलेली गोष्ट समजणारं माणूस गावात एकच उरलं होतं, आणि ते रुपराव होतं.

रुपराव खाली बसला. आपल्या नावाचा नसलेला तो ढीग त्याने पानांसकट टोपल्यात घेतला, आणि घराकडे न जाता पाण्यात उतरला. आता बघायला कोणी नव्हतं. तो टोपलं घरी घेऊन गेला असता तरी कोणी हटकलं नसतं. पण तो जांभळीखालच्या कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात गेला, आणि एकेक मासा हातात धरून पाण्यात सोडू लागला. शिंगट्या लगेच बुडी मारून गेल्या. झिंगे गेले. एक मरळ उलटी होऊन तरंगायला लागली. त्याने तिला पुन्हा सरळ केलं, पाठीवर बोट ठेवून धरून राहिला. देवकी वरून बघत होती. तिला निघावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"नत्थूनं नव्हता मारला डोह," रुपराव म्हणाला. मरळीकडे बघतच म्हणाला.

देवकी काठाच्या कडेपर्यंत आली.

"त्याच्या जाळ्याले सालीचा वास होता. म्या कुपावरचं उचलून नाकाले लावलं होतं. तवाच समजलं मले."

"मंग कोनं मारला?" तिने विचारलं. मध्ये बकरी नव्हती, शेजारीण नव्हती.

"धोंडबानं. माह्या भावानं. त्या महिन्यात त्याचं लगन होतं. समदे पाहुने येऊन होते घरी. त्याचं नाव निघालं असतं तं मंडप मोडला असता." तो थांबला. "मंग नत्थूच्या कुपावर ओलं जाळं दिसलं. म्या म्हनलं, एक सालची गोष्ट हाय, पुढच्या साली वाटा मांडून देऊ. पुढच्या साली त्यानं माह्याकडं पाह्यलंच नाही. मंग राहूनच गेलं."

राहूनच गेलं. देवकीने ते शब्द मनात एकदा फिरवून पाहिले. गांधीबागेच्या गाठी, सालटं गेलेला खांदा, खोकला, शोभाचं लग्न, सगळं त्या दोन शब्दांत बसवून हा माणूस पाण्यात उभा होता. धोंडबा मरूनसुद्धा आता सात-आठ वर्षं झाली होती.

"काल कुपापाशी आला होता, तवा काहून नाही बोलला?"

"तू बकरीशी बोलून राहिली होती," रुपराव म्हणाला.

मरळ त्याच्या हाताखालून निसटली, थोडी पुढे गेली आणि पुन्हा पांढरं पोट वर करून थांबली. रुपरावने तिच्याकडे बघून मान खाली घातली आणि काठाकडे यायला पाऊल उचललं.

"तेथंच राहा," देवकी म्हणाली. भासऱ्याला तिने अरे-तुरे केलं होतं आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. "तवा सगळ्याईपुढं बोलला होता ना? मोठ्यानं बोलला होता. आता बी तसंच बोल. नाव घेऊन बोल."

"कोन हाय आता आयकाले?"

"ते मले नाही ठाव. तू बोल."

रुपरावने रिकाम्या काठाकडे पाहिलं. चिखलात पावलं उमटली होती, पळसाची पानं इकडेतिकडे पडली होती. म्हाताऱ्याने घसा खाकरला. मग त्याने तोंड वर केलं.

"नत्थूनं डोह मारला नव्हता," तो ओरडला.

पलीकडच्या वावरात कापूस वेचणारी एक बाई कमरेवर हात देऊन सरळ झाली, उन्हावर हात धरून तिने नाल्याकडे बघितलं, आणि पुन्हा वाकली. देवकीने स्वतः नवऱ्याचं हे नाव कधी घेतलं नव्हतं, घ्यायचं नसतं. आणि नवरा गेल्यापासून दुसऱ्या कोणाच्या तोंडूनही ते असं उघड्यावर ऐकलं नव्हतं. तिला रडायला आलं. पण या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. ती तिथेच दगडावर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

रुपरावने तिच्याकडे पाहिलं. पाणी गार होतं. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

तो पुन्हा ओरडला. आवाज आता फाटायला लागला होता. देवकी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. त्याला बाहेर ये असं तिने म्हटलं नाही, आणि तोही आला नाही.